पानगळीचा जमाखर्च : दक्षिण फ्लॉरिडाच्या कांदळवनांतील कार्बन व पाणी यांच्या संशोधनाचा इतिहास

मायामी विद्यापीठात १९६९ आणि १९७० या दोन लागोपाठच्या वर्षी दोन प्रबंध सादर झाले. पहिला एरिक हील्ड यांचा, दुसरा विल्यम ओडम यांचा. दोघांचे क्षेत्र एकच होते : एव्हरग्लेड्सच्या दक्षिण टोकाला कांदळवनातून वाहत समुद्राकडे जाणारी नॉर्थ रिव्हर ही लहानशी नदी. विषयही वस्तुतः एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. झाडावरून गळलेल्या पानाचे पुढे काय होते, हे हील्ड यांनी पाहिले. ते पान अखेरीस कोणाच्या पोटात जाते, हे ओडम यांनी पाहिले. प्रश्न इतका साधा आहे की, तो तोपर्यंत कोणी नीट विचारला नव्हता याचेच आज नवल वाटते. परंतु या दोन प्रबंधांनी किनारी वनांच्या अभ्यासाला जे वळण दिले ते पुढे कित्येक दशके टिकले. आणि त्यांनी दिलेले उत्तर पुढे बरेचसे बदलावे लागले, तरी त्यांचा प्रश्न मात्र आजही निकालात निघालेला नाही.

या प्रबंधांपूर्वी फ्लॉरिडातील कांदळवनांविषयी जो शास्त्रीय विचार होता तो मुख्यतः भूमीविषयीचा होता. जॉन हेन्री डेव्हिस यांचा १९४० मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केलेला ग्रंथ हा त्या विचाराचा आधार. कांदळीची झाडे आपल्या आधारमुळांच्या जाळ्यात गाळ अडवून समुद्राकडून जमीन जिंकून घेतात, असे त्याचे प्रतिपादन होते. फ्रँक एग्लर यांनी १९५२ मध्ये या मतावर कठोर टीका केली. झाडे जमीन घडवतात त्यापेक्षा समुद्रपातळी, वादळे आणि वणवे हेच झाडांची जागा ठरवतात, असा त्यांचा रोख होता. वाद महत्त्वाचा होता खरा, पण दोन्ही पक्ष वनाकडे एक स्थिर वस्तू म्हणून पाहत होते. वनातून काय येते व काय जाते, म्हणजेच त्याचा चयापचय, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहिला.

तो प्रश्न प्रथम उपस्थित केला तो ओडम घराण्याने, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हॉवर्ड ओडम यांनी फ्रँक गॉली व विल्सन यांच्यासह पोर्तो रिको बेटावरील तांबड्या कांदळीच्या वनाचे प्रकाशसंश्लेषण व श्वसन मोजून १९६२ मध्ये त्याचा ताळेबंद प्रसिद्ध केला. निबंधाच्या शीर्षकातच ‘मे महिन्यात’ असे शब्द आहेत. एका महिन्याच्या मोजमापावरून वर्षाचा निष्कर्ष काढण्याचा मोह त्यांनी टाळला, ही प्रामाणिकता उल्लेखनीय आहे. त्याच वर्षी जॉन टील यांनी जॉर्जिया राज्यातील सापेलो बेटाजवळच्या खाजणगवताच्या दलदलीचा ऊर्जाहिशेब मांडला आणि तेथील निव्वळ उत्पादनापैकी सुमारे ४५ टक्के भाग भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर जातो असे अनुमान केले. हॉवर्ड यांचे बंधू यूजीन ओडम यांनी १९६८ मध्ये याच कल्पनेला व्यापक रूप दिले : किनाऱ्यावरील दलदली आपले अतिरिक्त अन्न समुद्राला पुरवतात, आणि किनारी मत्स्यसंपत्ती या पुरवठ्यावर पोसली जाते. विल्यम ओडम हे यूजीन यांचे पुत्र. तेव्हा मायामीचे प्रबंध ज्या वातावरणात लिहिले गेले त्यात उत्तराची दिशा आधीच सुचवलेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हील्ड यांची पद्धत अगदी साधी होती. झाडांखाली पेट्या ठेवून गळणारा पाला गोळा करावा, वाळवावा, तोलावा. जाळीच्या पिशव्यांत पाने भरून त्या कोरड्या जागी, गोड्या पाण्यात, मचूळ पाण्यात व खाऱ्या पाण्यात ठेवाव्यात आणि किती दिवसांत किती घट होते ते पाहावे. नदीच्या पाण्यातून वाहत जाणारे कण गाळून मोजावेत. अशा कामात बुद्धीची चमक दाखवण्यास वाव थोडाच. ते चिकाटीचे काम आहे, आणि ऋतुचक्र पुरे होईपर्यंत ते सोडता येत नाही. विद्यापीठीय संशोधनात ते पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला यावे हे स्वाभाविकच. हील्ड यांना आढळले की, तांबड्या कांदळीच्या वनात दर चौरस मीटरला दररोज सरासरी सुमारे २.४ ग्रॅम कोरडे सेंद्रिय द्रव्य गळते. त्यात पानांचा वाटा अर्थातच सर्वांत मोठा. कोरड्या जागी पान मंद गतीने कुजते. खाऱ्या पाण्यात लवकर, कारण तेथे लहान कवचधारी प्राणी ते कुरतडतात. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, कुजत जाणाऱ्या पानाच्या तुकड्यांत प्रथिनांचे प्रमाण उत्तरोत्तर वाढत जाते, कारण त्यांवर जीवाणू व कवके वाढतात. ताज्या पानाकडे जे प्राणी ढुंकूनही पाहत नाहीत त्यांना हे कुजके कण पौष्टिक खाद्य ठरतात. ओडम यांनी त्याच परिसरातील अनेक जातींच्या माशांची व इतर जलचरांची जठरे तपासली आणि त्यांत हे कण मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. पान, कुजका कण, लहान झिंगे व कृमी, लहान मासे, मोठे मासे, अशी साखळी पुरी झाली.

हे निष्कर्ष ज्या काळात आले तो काळही महत्त्वाचा आहे. त्या दशकात फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर कांदळवने तोडून, खाडीतील गाळ उपसून व भराव टाकून वसाहती उभारण्याचा धडाका चालू होता. दलदल म्हणजे निरुपयोगी, डासांची जागा, हे मत सर्वमान्य होते. अशा वेळी गळलेल्या पानापासून कोळ्याच्या जाळ्यातील माशापर्यंत थेट रेषा काढून दाखवणारे दोन प्रबंध उपलब्ध झाले. १९७२ च्या संघीय जलप्रदूषण कायद्यानंतर भराव टाकण्यास परवानगी लागू लागली, आणि १९७६ मध्ये अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलाने मार्को बेटाच्या परिसरातील भरावाच्या तीन अर्जांपैकी दोन नामंजूर केले. या निर्णयाचे श्रेय केवळ दोन प्रबंधांना देणे योग्य होणार नाही; पण कांदळवनाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाती आता भावनेऐवजी आकडे होते, आणि ते मायामीहून आले होते. एखाद्या सिद्धांताला अशी व्यवहारातील प्रतिष्ठा लाभली की त्याची शास्त्रीय परीक्षा काहीशी लांबणीवर पडते. येथेही तसे घडले.

दरम्यान पाण्याचा प्रश्न निराळ्याच मार्गाने पुढे जात होता. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे पेर शोलांडर हे शरीरक्रियाविज्ञानवेत्ते; ध्रुवप्रदेशातील प्राणी आणि पाणबुडे सील यांवर त्यांनी काम केले होते. कांदळीकडे ते आले ते १९५५ मध्ये मुळांच्या श्वसनाच्या निमित्ताने. मुळांवरील सूक्ष्म छिद्रे चरबीसदृश लेपाने बुजवली की आतील ऑक्सिजन घटत जातो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. तिवराच्या वनात चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली श्वसनमुळे ठाण्याच्या खाडीवर वावरणाऱ्या कोणालाही परिचित आहेत. भरतीच्या वेळी बुडालेले मूळ आतील ऑक्सिजन वापरत जाते, दाब उतरतो, आणि ओहोटीबरोबर मूळ उघडे पडताच ते बाहेरची हवा आत ओढून घेते. म्हणजे भरती-ओहोटीचे चक्र हे या झाडाच्या श्वासाचेही चक्र आहे.

यापुढचा त्यांचा प्रश्न अधिक मूलगामी होता. समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब सुमारे २५ वातावरण असतो. अशा पाण्यातून गोडे पाणी ओढून घ्यायचे तर झाडाच्या प्रकाष्ठातील रसावर त्याहून अधिक ताण असला पाहिजे. डिक्सन व जॉली यांनी १८९४ च्या सुमारास मांडलेल्या संसक्तिवादात असा ताण गृहीत धरला होता. पण तो मोजायचा कसा, हा पेच तसाच राहिला होता. शोलांडर व त्यांचे सहकारी यांनी पान किंवा डहाळी एका जाड पोलादी पात्रात बंद केली, देठाचे कापलेले टोक बाहेर ठेवले आणि आत वायूचा दाब वाढवत नेला. ज्या दाबाला रस पुन्हा कापलेल्या टोकाशी येतो तो दाब म्हणजेच मूळच्या ताणाचे माप. कांदळी व तत्सम खारवट जागेतील वनस्पतींत हा ताण साधारण ३० ते ६० वातावरणांपर्यंत भरला. १९६४ व १९६५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कांदळ हे झाड मुळाशीच मीठ अडवते. तिवर बरेचसे मीठ अडवून उरलेले पानांवाटे बाहेर टाकते, म्हणून त्याच्या पानावर मिठाचे कण चमकतात. दोन्ही रीतींत समुद्राचे पाणी गाळण्याचे काम सूर्याच्या उष्णतेने, बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने होते, त्यासाठी मुळाला निराळी शक्ती खर्चावी लागत नाही, हे शोलांडर यांनी पुढे १९६८ मध्ये स्पष्ट केले.

कार्बनचा हिशेब करणारे आणि पाण्याचा ताण मोजणारे हे दोन प्रवाह त्या वेळी जवळजवळ एकमेकांस अनोळखी होते. एक समुदाय वनाला कारखाना समजे, दुसरा एका पानालाच विश्व मानी. त्यांना एकत्र आणण्याचे काम एका वर्गीकरणाने केले, ही गोष्ट सहसा नजरेस येत नाही. एरियल लुगो व सॅम्युअल स्नेडेकर यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध परीक्षणात कांदळवनांचे प्रकार जातींवरून न पाडता पाण्याच्या हालचालीवरून पाडले : नदीकाठची, किनारपट्टीची, बशीसारख्या सखल भागातील, भरतीने संपूर्ण धुतली जाणारी, खुरटी. पाणी कोठून येते, किती वेळा येते आणि किती वेळ थांबते, यावर वनाची उंची, पानगळ व निर्यात अवलंबून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नॉर्थ रिव्हर हे या यादीतील केवळ एका प्रकारचे वन होते. आणि सर्व कांदळवनांविषयीचा सिद्धांत त्या एका नदीवर उभा होता.

सिद्धांताला पहिला मोठा धक्का बाहेरून बसला. स्कॉट निक्सन यांनी १९८० मध्ये खाजणगवताच्या दलदलींवरील वीस वर्षांच्या लिखाणाची झाडाझडती घेतली आणि निर्यातीची कल्पना पुराव्यापेक्षा पुनरुक्तीवर अधिक टिकून आहे असे दाखवले. काही दलदली कार्बन बाहेर धाडतात, काही उलट आत घेतात, काहींचा जमाखर्च जवळजवळ सारखा. ऑस्ट्रेलियात बोटो व बंट यांनी १९८१ मध्ये हिंचिनब्रुक बेटाजवळच्या मिशनरी उपसागरातून मोठी निर्यात दाखवली खरी. पण त्याच प्रदेशात रॉबर्टसन यांनी १९८६ मध्ये दाखवले की, गळलेल्या पानांपैकी निदान २८ टक्के भाग खेकडे ओहोटीच्या आधीच ओढून बिळात नेतात किंवा खाऊन टाकतात. फ्लॉरिडाच्या हिशेबात खेकड्यांना जवळजवळ स्थानच नव्हते. ज्या किनाऱ्यावर खेकडे विपुल आहेत तेथे पानाचा प्रवास समुद्राकडे सुरू होण्यापूर्वीच खंडित होतो, ही गोष्ट कोकणातील कोणत्याही कोळ्याने सहज सांगितली असती.

दुसरा धक्का समस्थानिकांचा. कांदळीच्या पानांत कार्बन-१३ चे प्रमाण समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपेक्षा कमी असते. म्हणून प्राण्याच्या मांसातील प्रमाण मोजले तर त्याने मुख्यतः काय पचवले ते कळते. जठरात सापडणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. रोडेली व सहकारी यांनी १९८४ मध्ये मलेशियाच्या किनाऱ्यावर ही कसोटी लावली. वनातील ओहोळांत राहणाऱ्या प्राण्यांत कांदळीचा कार्बन स्पष्ट दिसला. किनाऱ्यापासून दूर जाताच तो झपाट्याने नाहीसा झाला. ओडम यांनी जठरांत जे पाहिले ते खोटे नव्हते. त्यावरून उभारलेली दूरवरच्या समुद्रापर्यंतची साखळी मात्र कच्ची होती.

या दोन धक्क्यांच्या दरम्यान फ्लॉरिडातच, पण मायामीऐवजी फ्लॉरिडा विद्यापीठात, रॉबर्ट ट्विली यांनी १९८२ मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्यांनी जाणूनबुजून नॉर्थ रिव्हरच्या उलट प्रकारचे वन निवडले : रूकरी उपसागराजवळचे तिवराच्या जातीचे, सखल बशीतले वन, जेथे रोजची भरती पोचत नाही. तेथील एकूण सेंद्रिय कार्बनची वार्षिक निर्यात दर चौरस मीटरला सुमारे ६४ ग्रॅम भरली. आणि त्यातील जवळजवळ तीन चतुर्थांश कार्बन पानांच्या तुकड्यांच्या रूपात नव्हताच, तो पाण्यात विरघळलेला होता. शिवाय ही निर्यात वर्षभर सारखी नव्हती. पावसाळ्यात व मोठ्या हंगामी भरत्यांच्या वेळी ती वाढे. हील्ड यांच्या पेट्या व जाळ्या जे पकडू शकत नव्हत्या तोच बहुतांश माल ठरला. या प्रबंधाचे खरे महत्त्व येथे आहे. त्याने निर्यात आहे की नाही हा वाद मिटवला नाही. परंतु कार्बन पाण्यातून कोणत्या रूपात जातो हे जाणल्याशिवाय त्या वादाला अर्थ नाही, हे सिद्ध केले.

पाण्याच्या बाजूनेही समस्थानिकांनी नवी वाट काढली. मायामीतच स्टर्नबर्ग व स्वार्ट यांनी १९८७ मध्ये दाखवले की, झाडाच्या खोडातील पाण्याच्या ऑक्सिजन व हायड्रोजन समस्थानिकांवरून ते झाड समुद्राचे पाणी पिते की पावसाचे, हे ओळखता येते. पुढे १९९३ मध्ये लिन व स्टर्नबर्ग यांना एक विलक्षण अपवाद सापडला. वनस्पती मुळाशी पाणी घेताना हायड्रोजनच्या समस्थानिकांत निवड करत नाहीत, असा सर्वमान्य समज होता. मीठ अडवणाऱ्या किनारी वनस्पती मात्र निवड करतात. जड हायड्रोजन असलेले पाणी थोडे मागे राहते. शोलांडर यांनी पोलादी पात्रात जी गाळणी अनुमानाने ओळखली होती तिची खूण अशा रीतीने रेणूंच्या पातळीवर उमटलेली आढळली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रश्नाचे स्वरूपच पालटले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडची वाढ हा जगाचा प्रश्न झाला, आणि कांदळवन माशांना काय देते यापेक्षा ते चिखलात काय साठवते याकडे लक्ष गेले. डोनाटो व सहकारी यांनी २०११ मध्ये हिंदी व प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरील २५ ठिकाणांची मोजदाद करून हेक्टरी सरासरी सुमारे १,०२३ टन कार्बनसाठा दाखवला. त्याचा फार मोठा भाग जमिनीखाली होता. त्याआधी २००८ मध्ये बुइयों व सहकारी यांनी जगातील सर्व कांदळवनांचा जमाखर्च नव्याने मांडला तेव्हा एक अवघड गोष्ट निदर्शनास आली. वर्षाला सुमारे २१.८ कोटी टन कार्बनचे निव्वळ उत्पादन होते. त्यातील चिखलात गाडला जाणारा, बाहेर वाहून जाणारा व हवेत परतणारा असा ज्ञात खर्च वजा केला तरी निम्म्याहून अधिक रकमेचा पत्ताच लागत नव्हता. ज्या हिशेबात अर्धी रक्कम बेपत्ता आहे त्याला ताळेबंद म्हणणे धाडसाचेच.

या बेपत्ता कार्बनचा माग पुन्हा पाण्यापाशीच येऊन थांबला. चिखलात सेंद्रिय द्रव्य कुजले की तयार होणारा कार्बन डाय-ऑक्साइड सगळाच हवेत जात नाही. बराचसा छिद्रांतील पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळतो. भरतीच्या वेळी खेकड्यांच्या बिळांतून पाणी चिखलात शिरते आणि ओहोटीला तेच पाणी हा भार घेऊन ओहोळात उतरते. मेहर व सहकारी यांनी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोरटन उपसागरात रेडॉन वायूचा खूणद्रव्य म्हणून उपयोग करून हा भूजलमार्ग मोजला आणि बेपत्ता रकमेचा मोठा भाग येथेच असावा असे सुचवले. पूर्वी ज्या खेकड्यांनी निर्यातीचा सिद्धांत मोडला होता त्यांचीच बिळे आता दुसऱ्या निर्यातीचे नळ ठरली.

दक्षिण फ्लॉरिडात या काळात मोजमापाची तऱ्हाही बदलली होती. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात शार्क नदीच्या मुखाजवळ, उंच कांदळवनाच्याही वर जाणारा सुमारे ३० मीटरचा मनोरा उभारण्यात आला. त्यावरील उपकरणे वाऱ्याच्या लहानमोठ्या भोवऱ्यांबरोबर वरखाली होणारे कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ सेकंदाला अनेक वेळा टिपतात, आणि त्यांवरून संपूर्ण वनाची देवघेव काढता येते. जॉर्डन बार यांनी व्हर्जिनिया विद्यापीठास २००५ मध्ये सादर केलेला प्रबंध याच वनातील कार्बनग्रहणावर आहे. हे तेच विद्यापीठ जेथे विल्यम ओडम यांनी आपल्या आयुष्यातील बराच काळ अध्यापन केले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले होते. बार व सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार हे वन वर्षाला दर चौरस मीटरला सुमारे १,१७० ग्रॅम कार्बन हवेतून घेत होते. हा आकडा असाधारण आहे. याचे एक कारण भरतीतच आहे : पाण्याखाली गेलेला चिखल हवेत कार्बन सोडत नाही, त्यामुळे रात्रीची खर्चाची बाजू हलकी दिसते. परंतु त्याच किनाऱ्यावरील चिखलात दीर्घकाळ गाडला जाणारा कार्बन पाहिला तर तो या आकड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच भरतो. लाकडाची वाढ जमेस धरूनही मोठी तफावत उरते, आणि ती हवेतून नव्हे तर पाण्यातून, आडव्या दिशेने, बाहेर जात असली पाहिजे. अशा रीतीने मनोऱ्याने हील्ड यांच्याच प्रश्नाकडे परत बोट दाखवले.

मनोऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ती अधिक निकडीची आहे. नदीच्या मुखातील पाण्याचा खारटपणा वाढला की प्रकाश तेवढाच असूनही वनाचे कार्बनग्रहण घटते. शोलांडर यांचा ताण येथे संपूर्ण वनाच्या पातळीवर प्रकट होतो : पाणी ओढणे महाग झाले की पानांची छिद्रे मिटतात, आणि छिद्रे मिटली की कार्बनही आत येत नाही. हा खारटपणा केवळ समुद्रावर अवलंबून नाही. १९४८ पासून हाती घेतलेल्या पूरनियंत्रण योजनेने कालवे व बांध घालून उत्तरेकडून येणारे गोडे पाणी मोठ्या प्रमाणावर अन्यत्र वळवले. १९४७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान त्यामुळे तहानलेले राहिले. ते पाणी काही अंशी परत सोडण्याची योजना २००० साली अमेरिकन संसदेने संमत केली. किती पाणी, कोणत्या महिन्यात सोडावे, या वादात पक्षी, मासे व शहरांचा पुरवठा यांबरोबर कांदळवनाच्या श्वासाचाही आकडा आता पुढे ठेवता येतो.

२४ ऑक्टोबर २००५ रोजी विल्मा या चक्री वादळाने मनोऱ्याची उपकरणे उद्ध्वस्त केली आणि भोवतालच्या वनातील पुष्कळ झाडे मोडून टाकली. मोजमाप पुन्हा सुरू होण्यास २००६ चा उत्तरार्ध उजाडला. त्यानंतरच्या नोंदींत वनाचा श्वास बदललेला दिसतो : छत विरळ झाल्याने चिखलापर्यंत ऊन पोचू लागले, जमीन तापली, आणि मोडलेल्या लाकडाच्या कुजण्याने खर्चाची बाजू वाढली. याउलट वादळाच्या लाटेने समुद्रतळाचा फॉस्फरसयुक्त गाळ वनात आणून पसरवला, आणि चुनखडीवर वाढणाऱ्या, फॉस्फरसाला मोताद असलेल्या त्या वनाला तो खतासारखा उपयोगी पडला. हील्ड यांच्या पेट्यांत जो पाला वर्षानुवर्षे हळूहळू पडे त्याहून कितीतरी अधिक काही तासांत खाली आला. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने हा अनुभव पुन्हा दिला. सरासरी वर्षाचा जमाखर्च मांडणाऱ्या कोणत्याही प्रबंधात अशा दिवसाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हा वाद त्या किनाऱ्यावरील अभ्यासकांत अद्याप चालू आहे.